तारेखालून गेलेलं डिझेल

मुलुंडला आमच्या मजल्यावर एक काका राहायचे. कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. एका मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा पोरांना एक प्रयोग करून दाखवला. काकूंचा टाकायला काढलेला तवा गॅसवर ठेवला, चांगला तापू दिला आणि स्कूटरमधून काढलेल्या काळ्या तेलाचा एक थेंब त्यावर सोडला. थेंब पसरला, थोडा धूर निघाला, बस्स. मग वाटीत उरलेल्या तेलात त्यांनी नळाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले, काडीने ढवळलं आणि पुन्हा एक थेंब तव्यावर सोडला. या वेळी तो फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसा तडतडला. "ऐकलंत? म्हणजे हेड नाहीतर लायनर गळतोय, पाणी तेलात उतरलंय. असं इंजिन मी शेडबाहेर सोडलं तर ते घाटात बसणार."

पुढे कळलं की शेडच्या प्रयोगशाळेत ही चाचणी रोजची. सोबत आणखी नाजूक तपासणीही असते : तेलाचा नमुना यंत्रात घालून त्यात लोखंड, तांबं, शिसं यांचा अंश किती आहे ते बघायचं. तांबं वाढलं की कुठलं तरी बुश किंवा बेअरिंग झिजतंय, लोखंड वाढलं की लायनर नाहीतर रिंगा. डॉक्टर रक्त तपासतो तसं शेड तेल तपासते. मालगाडी ओढणाऱ्या इंजिनाची अशी निगा कुणीतरी राखतं, हे मला त्या तव्यामुळे कळलं; नाहीतर मुलुंडमध्ये वाढलेल्या मुलाला रेल्वे म्हणजे लोकल, एवढंच ठाऊक असतं.

हे पुस्तक त्या इंजिनांबद्दल आहे. अधिक नेमकं सांगायचं तर 'डब्ल्यूडीजी-३ए' या वर्गातल्या डिझेल-विद्युत मालवाहू इंजिनांबद्दल, त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या भावंडांबद्दल, आणि मुंबई उपनगरांतून जाणाऱ्या त्यांच्या वाटांबद्दल. नवख्या वाचकाला हे नाव कुलपाच्या आकड्यांसारखं वाटेल, पण ते सोपं आहे. 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'डी' म्हणजे डिझेल, 'जी' म्हणजे गुड्स, मालगाडी. 'जी'च्या जागी 'पी' असेल तर प्रवासी गाडीचं, 'एम' असेल तर दोन्ही कामांचं, 'एस' असेल तर यार्डात डबे सरकवणारं शंटर. पुढचा तीन म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि 'ए' म्हणजे वर शंभर. ३,१०० अश्वशक्तीचं, ब्रॉडगेजवरचं, मालगाडीचं डिझेल इंजिन : एवढं सगळं त्या नावात आहे. जुन्या डब्ल्यूडीएम-२ मधला दोन मात्र निव्वळ क्रमांक आहे. अश्वशक्ती सांगायची पद्धत नंतर आली. त्यामुळे जुनी आणि नवी नावं एकत्र वाचताना गोंधळ होतो, आणि डब्ल्यूडीजी-३एलाच आधी डब्ल्यूडीजी-२ म्हणत असल्याने तो आणखी वाढतो.

मुंबईत १६ एप्रिल १८५३ ची गाडी ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावं, साहिब, सिंध आणि सुलतान, शाळकरी मुलंही सांगतात. १९९५ च्या जुलैत डब्ल्यूडीजी-२ वर्गातलं पहिलं इंजिन वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडलं, त्याचं नाव 'शक्ती' होतं, हे किती जणांना ठाऊक असेल? त्याच वर्षी डिसेंबरात ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा संपली. एका वर्षात एक पर्व संपलं आणि मालवाहतुकीचा पुढच्या वीस वर्षांचा गडी कामावर रुजू झाला. पहिल्या घटनेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. दुसरीबद्दल मराठीत जवळजवळ काहीच नाही.

मुंबईच्या संदर्भात डिझेलचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो तो असा : इथे तर सगळीकडे तारा आहेत, मग डिझेल कशाला? प्रश्न रास्त आहे. भारतातली पहिली विजेची गाडी मुंबईतच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गाने धावली. १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत तारा पोचल्या, १९३६ मध्ये विरारपर्यंत. १९३० पर्यंत दोन्ही घाट ओलांडून पुण्याला आणि इगतपुरीला वीज गेली होती. घाटात मालगाड्या ओढायला स्वित्झर्लंडच्या धाटणीची, दोन लांब नाकांची विद्युत इंजिनं आली. जगात त्या घडणीला मगर म्हणतात. आपल्या रेल्वेवाल्यांनी तिला 'खेकडा' म्हटलं. त्यांतलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

मग डिझेल कुठून आलं? याचं उत्तर मुंबईच्या तारांतच आहे. इथली वीज होती १,५०० व्होल्टची, एकदिश प्रवाहाची. पुढे देशात सगळीकडे २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, ती याहून अगदी वेगळी. त्यामुळे विरार, इगतपुरी, पुणे या ठिकाणी मुंबईची वीज संपत असे. एका विजेवर चालणारं इंजिन दुसरीवर चालत नाही. एक तर गाडीचं इंजिन तिथे बदला, नाहीतर दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिनं बनवा. तशी इंजिनं बनलीही, पण ती मोजकी होती आणि मेल-एक्सप्रेसना आधी लागत. मालगाडीला सांध्यावर इंजिन बदलायला लावायचं म्हणजे यार्डात जागा अडकते, माणसं अडकतात, दोन-तीन तास जातात. डिझेल या भानगडीत पडत नाही. ते तारेखालून जातं, पण तारेला काही मागत नाही.

दुसरी गोष्ट विजेच्या ओढीची. ३,१०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २,३०० किलोवॅट. एवढी शक्ती १,५०० व्होल्टच्या तारेतून घ्यायची तर दीड हजार अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टवर तेच काम शंभर अँपिअरच्या आत होतं. म्हणून मुंबईत तारा जाड आणि उपकेंद्रं जवळजवळ असत. सकाळी आठ वाजता मुलुंड-ठाणे पट्ट्यात लोकलमागून लोकल धावत असताना त्याच तारेवर घाटाकडे निघालेली भरली मालगाडी लादायची, हे परवडणारं नव्हतं. डिझेल आपलं वीजघर स्वतःबरोबर घेऊन येई. 'डिझेल-विद्युत' या शब्दाचा अर्थच तो : आतलं डिझेल इंजिन चाकं फिरवत नाही, ते वीज तयार करतं, आणि ती वीज आसांजवळ बसवलेल्या सहा मोटरी फिरवते. गिअर बदलायची भानगड नाही. चालकाच्या हातात आठ नॉचचा दांडा, आणि वजन कितीही असलं तरी सुरुवातीला धक्का न देता ओढ वाढवत नेण्याची सोय.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जिथे माल चढतो-उतरतो तिथे तार टाकताच येत नाही. मुलुंडच्या कंटेनर डेपोत वाघिणीवरून कंटेनर उचलायचा तो वरूनच; डोक्यावर तार असेल तर क्रेन काम कशी करणार? माहुल-ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांत पेट्रोल भरलेल्या टाकी-वाघिणींवर ठिणगी पडायची शक्यताही नको. या रिफायनऱ्या १९५४-५५ मधल्या, नंतर खताचा कारखाना, मग १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर. मुंबईचा माल असा कडेकडेने वाढत गेला, आणि त्या प्रत्येक कडेला तार नसलेल्या रुळांचा एक तुकडा होता. लोकलच्या नकाशावर हे तुकडे दिसत नाहीत. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्ब्याला १९२८ ते १९३४ या काळात आख्खी एक रेल्वे होती, तीही आज कुणाच्या लक्षात नाही. कलिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तिच्याच 'सेंट्रल साल्सेट ट्रामवे' या नावावरून नाव मिळालं आणि लोक त्याचा संबंध बोरीबंदरच्या स्थानकाशी जोडतात. मालाच्या रुळांना आपल्या स्मरणात जागा कमी, याचा याहून चांगला दाखला नाही.

तेव्हा मुंबईतलं डिझेल हे सांध्यांचं इंजिन होतं. दोन विजा जिथे भेटत, तार जिथे संपे, बंदर किंवा कारखाना जिथे रुळाला टेके, तिथलं. कोकण रेल्वेची गोष्टही हीच. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा तिथे एकही तार नव्हती. पुढच्याच वर्षी कोलाडहून 'रो-रो' सुरू झाली : सपाट वाघिणींच्या रांगेवर भरलेले ट्रक, त्यांचे चालक ट्रकच्या केबिनमध्ये, आणि पुढे डिझेल. मार्च २०२२ मध्ये त्या मार्गाचं विद्युतीकरण संपेपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, तिथला जवळजवळ सगळा माल आणि गणपतीला गावी जाणारा आख्खा चाकरमानी वर्ग डिझेलनेच नेला.

आता इंजिनांच्या कुळांकडे वळतो. शेडमधली माणसं इंजिनांबद्दल बोलताना कारखान्याचं नाव घेतात, आणि ऐकणाऱ्याला गाण्याच्या घराण्यांची आठवण होते. घराणी तीन : अल्को, ईएमडी (इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजन) आणि जीई (जनरल इलेक्ट्रिक). तिन्ही अमेरिकी, आणि तिन्हींचं भारतात वेगवेगळं झालं.

अल्कोचं घराणं सर्वांत जुनं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची 'अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी', तिची १०० इंजिनं १९५७ पासून डब्ल्यूडीएम-१ म्हणून भारतात आली होती. १९६२ च्या सुमारास रेल्वेला मोठा निर्णय घ्यायचा होता. स्पर्धेत ईएमडीचं इंजिनही होतं आणि त्याची तारीफ करणारे आजही भेटतात. पण तंत्रज्ञान देऊन भारतात इंजिन बनवू द्यायला अल्को तयार झाली. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून पहिलं डब्ल्यूडीएम-२ निघालं आणि जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ते देशाला अर्पण झालं. २,६०० अश्वशक्ती, सोळा सिलिंडर, व्ही आकारात. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत अशी अडीच हजारांहून जास्त इंजिनं बनली. मालगाडी असो, मेल असो, लग्नाची स्पेशल असो, तेच इंजिन.

१९६९ मध्ये अल्को कंपनी बंद पडली. मूळ घर मोडलं, पण वाराणसीत घराणं चालू राहिलं, आणि नुसतं चालू नाही, वाढत राहिलं. त्याच ९ इंच व्यासाच्या आणि साडेदहा इंच स्ट्रोकच्या सिलिंडरांतून आपल्या अभियंत्यांनी ३,१०० अश्वशक्ती काढली. डीसी जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आणि रेक्टिफायर आला, इंधन वाचवणारा टर्बो आला. डब्ल्यूडीजी-३ए या सगळ्याचा मालवाहू अवतार. १२३ टन वजन, चाक न घसरता रूळ धरून ठेवणारी नवी बोगी, आणि सुटताना ३८ टनांच्या जवळ ओढ; जुन्या डब्ल्यूडीएम-२ ची ३० टनांच्या आसपास होती. कागदावर आठ टनांचा फरक वाचून काही वाटत नाही. पावसाळ्यात, ओल्या रुळावर, चढावर सिग्नल लाल झाल्यामुळे थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलायची असते तेव्हा याच आठ टनांवर सगळं अवलंबून असतं. २०१५ च्या आसपासपर्यंत अशी हजाराहून अधिक इंजिनं बनली. आपल्या भागात पुण्याच्या घोरपडी शेडने आणि कल्याणने ती सांभाळली. मोठ्या दुरुस्त्या परळच्या वर्कशॉपात होत. ज्या कंपनीचा मुलुख तिला विसरला, तिचं इंजिन त्या कंपनीनंतर पंचेचाळीस वर्षं आपल्याकडे नव्याने बनत राहिलं, हा जागतिक औद्योगिक इतिहासातला मोठा प्रसंग आहे असं मी मानतो आणि त्याचं श्रेय वाराणसीइतकंच ते टिकवणाऱ्या शेडना देतो.

अल्को ओळखायचं ते कानाने. उभं असताना ते लयीत ढगढगतं, मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटतं आणि पुन्हा लय पकडतं. नॉच वाढवला की आधी धुराचा काळा लोट, मग ओढ. कारण असं की इंधन लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तोवर हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. छायाचित्रकारांना हा लोट फार आवडतो. रुळालगत राहणाऱ्यांना तो आवडत नसे, आणि त्यांचं बरोबर होतं. थांबलेलं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना बॅटरीने दगा दिला तर गाडी अडकणार, म्हणून इंजिनं तासन्‌तास चालूच ठेवली जात. यार्डाशेजारच्या इमारतींत लहान मुलांची झोप आणि दोरीवरचे कपडे दोन्ही खराब होत. थांबलेल्या वेळेसाठी छोटं साहाय्यक इंजिन बसवण्याची सोय बरीच नंतर आली.

ईएमडीचं घराणं १९९९ मध्ये पुन्हा आलं, या वेळी तंत्रज्ञानासह. डब्ल्यूडीजी-४, ४,००० अश्वशक्ती, टू-स्ट्रोक इंजिन, आणि मुख्य म्हणजे एसी मोटरी. सुटतानाची ओढ पन्नास टनांच्या वर गेली. २००२ पासून वाराणसीतच ती बनू लागली. आवाज अल्कोहून एकदम वेगळा, सलग, वरच्या पट्टीत टर्बोची शीळ. दोष पाना घेऊन शोधायचा तो आता पडद्यावर दिसू लागला. जुन्या फिटरांना हे जड गेलं असं म्हणायची पद्धत आहे. मला भेटलेल्या माणसांवरून तरी ते खरं वाटत नाही. त्यांनी दोन्ही विद्या शिकल्या. जीईचं घराणं सर्वांत नवं : बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यासाठी २०१५ मध्ये एक हजार इंजिनांचा करार झाला, ४,५०० आणि ६,००० अश्वशक्तीची. मुंबईशी त्यांचं नातं अजून तोकडं आहे, म्हणून इथे एवढंच.

या सगळ्या घडणीत एक गोष्ट माणसांवर फार भारी पडली, आणि तांत्रिक पुस्तकांत ती एका ओळीत उरकतात. अल्कोच्या मालवाहू इंजिनाला केबिन एकच, एका टोकाला. एका बाजूला आखूड हूड, दुसरीकडे लांब. इंजिन फिरवायची सोय नसेल तर लांब हूड पुढे ठेवून गाडी न्यायची. म्हणजे चालकासमोर दहा-बारा मीटर लांबीची लोखंडी पेटी, आणि तिच्या एकाच बाजूचं दिसणार. दुसऱ्या बाजूचं सहायकाने बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. घाटकोपर ते ठाणे हा पट्टा डोळ्यांसमोर आणा : शेजारी लोकल, सिग्नलमागून सिग्नल, वळणं, पाऊस, रूळ ओलांडणारी माणसं. सहायक ओरडतो, "डबल यलो!" चालक तेच पुन्हा म्हणतो. पुढचा सिग्नल, पुन्हा तेच. आठ तासांच्या कामात असे किती वेळा दोन आवाज एकमेकांना उत्तर देत असतील. डब्ल्यूडीजी-४ मध्येही हीच अडचण राहिली, म्हणून पुढे दोन्ही टोकांना केबिन असलेली डब्ल्यूडीजी-४डी आली. या पुस्तकासाठी बोललेल्या जवळजवळ प्रत्येक चालकाने लांब हूडचा विषय स्वतःहून काढला आहे, आणि वाचकाने त्या भागाशी थोडं थांबावं अशी माझी विनंती आहे.

रेल्वेवरचं लेखन आपल्याकडे ढोबळमानाने तीन वाटांनी झालं आहे. पहिली इतिहासकारांची : ती १८५३ पासून सुरू होते, घाट, मजूर, भांडवल, साम्राज्य यांचा फार चांगला हिशेब मांडते आणि बहुधा स्वातंत्र्याच्या आगेमागे थांबते. दुसरी अभियंत्यांची : तिच्यात अचूकपणा आहे, पण माणूस नाही; माणूस आला तर 'कर्मचारी' म्हणून. तिसरी हौशी मंडळींची, आणि डिझेलच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त ऋणी आहोत ते यांचेच. कोणतं इंजिन कोणत्या शेडचं, कधी आलं, कोणत्या गाडीला लागलं, कधी भंगारात गेलं, हे त्यांनी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून, वहीत लिहून, फोटो काढून जपलं. त्यांची मर्यादा एकच : इंजिन त्यांना बाहेरून दिसतं. शेडच्या खड्ड्यात उभं राहून वर बघणाऱ्याला ते कसं दिसतं, ही चौथी वाट जवळजवळ मोकळीच राहिली. मराठी माणूस या शेडमध्ये मोठ्या संख्येने होता. कल्याण, डोंबिवली, मुलुंड, कुर्ला इथली रेल्वेची कुटुंबं ही त्याची साक्ष. तरी मराठीत याची नोंद झाली नाही, कारण दिवसपाळी-रातपाळी करून घरी आलेल्या माणसाला कुणी विचारलंच नाही.

आता विचारायला हवं, कारण आता वेळ कमी आहे. मुंबईच्या १,५०० व्होल्टच्या तारा गेल्या : पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये, हार्बरवर २०१६ मध्ये. विरार, इगतपुरी, पुण्याचे सांधे पुसले गेले. कोकणात तार पोचली. देशातलं ब्रॉडगेजचं विद्युतीकरण जवळजवळ पुरं झालं आहे. पुण्याच्या डिझेल शेडमध्ये आता विद्युत इंजिनंही सांभाळली जातात. खुद्द डब्ल्यूडीजी-३ए वर्गातल्या दोन इंजिनांचं वाराणसीत रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचं जोड विद्युत इंजिन बनवलं गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडा दाखवला गेला. डिझेलचा सांगाडा, तीच बोगी, आत तारेची वीज. हे बदल योग्य आहेत असं मी स्वच्छ म्हणतो. परदेशी तेलावर मालगाड्या चालवणं देशाला महाग पडत होतं, आणि धुराबद्दल वर लिहिलंच आहे. या पुस्तकालाही डिझेल परत आणायचं नाही.

त्याला काय हवं आहे ते सांगतो. एका वर्गाच्या इंजिनाचा, एका भूभागापुरता, आतून लिहिलेला इतिहास. लेखकाने पुणे, कल्याण आणि कुर्ल्याच्या निवृत्त आणि नोकरीत असलेल्या माणसांशी वर्षानुवर्षं बोलून हे साहित्य जमवलं. त्यात लोड बॉक्सची चाचणी आहे : दुरुस्त झालेलं इंजिन रोधकांना जोडून, जागच्या जागी, आठव्या नॉचवर चालवायचं, एकही वाघीण न ओढता सगळी ताकद उष्णतेत घालवायची आणि आकडे टिपायचे. पत्रे थरथरतात, माणसं खुणांनी बोलतात, आणि अनुभवी माणूस इंजिनाच्या अंगावर हात ठेवून मीटरच्या आधी सांगतो की सातव्या सिलिंडरचा इंजेक्टर बघा. घाटातली उतरण आहे : ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, सदतिसात एक असा उतार, मोटरींनाच जनित्र बनवून वेग धरून ठेवणारा डायनॅमिक ब्रेक, आणि ब्रेक निकामी झालेल्या गाडीला अडवायला बाजूला चढत जाणारी कॅच सायडिंग. उपनगरांतली रात्रही आहे. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली यायच्या आत जी दोन-तीन तासांची शांतता असते असं आपण समजतो, ती कशी नसते, हे मुलुंडला, घाटकोपरला किंवा बोरिवलीला राहणाऱ्याने इथे जरूर वाचावं.

लेखकाशी माझा एक मतभेद आहे आणि तो मी हस्तलिखित वाचतानाच कळवला होता. त्यांचं मन अल्कोवर आहे, आणि ईएमडीच्या वाट्याला त्यांनी कमी जागा दिली आहे. न्हावा-शेव्याचे कंटेनर ज्या वेगाने वाढले ते एसी मोटरींच्या ओढीशिवाय हलले नसते असं मला वाटतं. लेखकाचं म्हणणं, तो इतिहास अजून घडतो आहे, त्याला वेगळं पुस्तक लागेल. ते लागेलच. दुसरी उणीव मान्य करायला हवी : शेडच्या कामात उशिरा आलेल्या स्त्रियांचे अनुभव इथे थोडेच आहेत. पुढच्या आवृत्तीत ते वाढतील अशी आशा आहे.

वर्ग, क्रमांक, अश्वशक्ती यांच्याशी ओळख नसलेल्या वाचकाने सुरुवातीला आकड्यांची फिकीर करू नये. माणसांच्या मागे जावं. आकडे आपोआप कळत जातात. मी तसाच शिकलो.

ही प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा पुस्तकातले काही फोटो घेऊन काकांकडे गेलो. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली, ऐकू कमी येतं. एका फोटोत पावसात मुलुंडच्या बाजूने निघालेली कंटेनरची गाडी होती, पुढे दोन डब्ल्यूडीजी-३ए जोडीने. क्रमांक नीट वाचता येत नव्हते. मला वाटलं ते शेड ओळखून सांगतील. त्यांनी फोटो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिला, क्रमांकाकडे लक्षही दिलं नाही. दोन इंजिनांवरचे धुराचे लोट बघत राहिले. "मागच्याचा टर्बो उघडून बघायला हवा होता," ते म्हणाले.